थडग्यातला मणी कुणी ठेवला आणि का? इतिहासपूर्व दफनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलेल्या माणसासोबत वस्तू पुरल्या, म्हणजे ते लोक परलोक मानत होते. हे उघडच आहे ना?

उघड नाही. मानत असतीलही, पण नुसत्या वस्तूवरून ते ठरत नाही. समजा, सांगाड्याच्या कमरेशी दगडी पातं सापडलं. पुढच्या जगात शिकारीला उपयोगी पडेल म्हणून दिलं असेल. किंवा ते त्या माणसाचंच होतं आणि मेलेल्याची वस्तू वापरायला बाकीचे धजावत नव्हते. किंवा भावाने, साथीदाराने जाता जाता आपलं पातं त्याच्याजवळ ठेवलं असेल. कदाचित ते कमरेला खोचलेलं होतं आणि तसंच राहून गेलं. चारही शक्यतांत खड्ड्यात आपल्याला दिसतं ते एकच: कमर आणि पातं.

मेलेला माणूस स्वतःला पुरत नाही, असं या विषयात नेहमी म्हटलं जातं. खड्डा खणणारे, गेरू शिंपडणारे, माळ घालणारे हात जिवंत माणसांचे असतात. म्हणून दफनातल्या वस्तू आधी मागे राहिलेल्यांबद्दल सांगतात, मग गेलेल्याबद्दल, आणि परलोकाबद्दल सगळ्यात शेवटी.

मग अमुक वस्तू विधीची होती, हे कशावरून म्हणायचं? की समजलं नाही की 'विधी' म्हणून मोकळं व्हायचं?

टोमणा रास्त आहे. पुरातत्त्वात 'विधी' हा शब्द बऱ्याचदा अज्ञान झाकायला वापरला गेलाय. तरी काही खुणा अशा असतात की दुसरा अर्थ लावायला जागा उरत नाही. वस्तू ठरवून एका जागी मांडलेली असणं, तशीच मांडणी अनेक थडग्यांत पुन्हा दिसणं, व्यवहारात उपयोग नसलेल्या गोष्टी मुद्दाम गोळा केलेल्या असणं, आणि त्या गोळा करायला बरीच माणसं लागलेली असणं.

इस्रायलमधल्या गॅलिली भागातली हिलाझोन ताख्तित गुहा घ्या. सुमारे १२,००० वर्षांपूर्वी तिथे साधारण ४५ वर्षांच्या एका स्त्रीला पुरलं. तिच्या मणक्यात आणि कमरेच्या हाडांत व्यंग होतं, म्हणजे ती लंगडत चालत असणार. तिच्याभोवती पन्नासहून अधिक कासवांची कवचं, गरुडाच्या पंखाचं टोक, बिबट्याच्या कटीचं हाड, रानडुकराचा पुढचा पाय, मार्टन या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या कवट्या आणि दुसऱ्याच कुणा माणसाचं अख्खं पाऊल होतं. वरून मोठे दगड ठेवलेले.

यातलं काहीही रोजच्या सामानात बसत नाही. कासवं पन्नास-पन्नास एका जागी सापडत नाहीत; ती हिंडून जमवावी लागतात, आणि ती खाल्ल्याच्या खुणाही मिळाल्या आहेत. म्हणजे मोठं जेवण झालं, बरीच माणसं जमली आणि कवचं तिच्याभोवती राहिली. उत्खनन करणाऱ्यांनी तिला 'शमन' म्हटलं, म्हणजे अंगात येणारी, आत्म्यांशी बोलणारी बाई. मला तो शब्द थोडा घाईचा वाटतो, पण ती चारचौघींसारखी मानली जात नव्हती, एवढं नक्की.

सगळ्यात जुनं दफन कुठलं?

हेतुपुरस्सर दफन म्हणून ज्यावर फारसा वाद नाही, ती इस्रायलमधल्या काफझेह आणि स्खुल इथली: सुमारे एक लाख वर्षं जुनी. काफझेहला एका किशोरवयीन मुलाच्या छातीशी हरणाची शिंगं ठेवलेली होती, तर स्खुलच्या एका माणसाच्या हाताशी रानडुकराचा जबडा. केनियातल्या 'पांगा-या-सैदी' नावाच्या गुहेत अडीच-तीन वर्षांचं मूल ७८,००० वर्षांपूर्वी पुरलेलं सापडलं, तेही पाय पोटाशी घेऊन निजवलेलं. निअँडरथल, म्हणजे आपल्याहून वेगळ्या आणि आता नामशेष झालेल्या जातीची माणसंही आपले मृत पुरत, हे आता बहुतेक अभ्यासक मानतात. त्याहून मागे गेलं की वाद सुरू होतात. स्पेनमधल्या सिमा दे लोस उएसोस या विवरात ४,३०,००० वर्षांपूर्वीच्या किमान २८ माणसांची हाडं आणि त्यांच्यात एकच लालसर गारेची हातकुऱ्हाड मिळाली. ती अर्पण केलेली होती की चुकून पडली? एकच वस्तू आहे, आणि एकावरून रीत ठरत नाही.

गेरू रक्ताचं प्रतीक आहे, असं सगळीकडे वाचतो. खरं आहे का?

असू शकतं. लाल रंग पाहिला की रक्त, जन्म, जीव आठवणं माणसाला स्वाभाविक आहे. पण गेरू म्हणजे लोहयुक्त माती, आणि तिचे उपयोग ढीगभर. कातडं कमावताना, डिंकात मिसळून दगडी पातं दांड्याला चिकटवताना, उन्हापासून बचाव म्हणून अंगाला फासताना गेरू लागतो. गेरू लावलेल्या कातड्यात गुंडाळून माणूस पुरला तर कातडं कुजतं आणि रंग हाडांवर उतरतो. दिसताना वाटतं की सांगाडा रंगवलाय.

म्हणून गेरू कुठे आहे हे बघावं लागतं. झेक प्रजासत्ताकातल्या डॉल्नी व्हेस्टोनित्से इथे १९८६ मध्ये तीन तरुण शेजारी शेजारी पुरलेले सापडले. गेरू त्यांच्या डोक्यांवर आणि मधल्याच्या ओटीपोटावर होता, सगळ्या अंगभर नव्हता. इटलीतल्या आरेने कांदिदे गुहेत पंधरा वर्षांच्या मुलाचा जबडा आणि खांदा कुठल्याशा जनावराने फाडला होता. त्या जखमेच्या जागी पिवळा गेरू भरलेला होता. ही निवड आहे. कातड्यावरून उतरलेला रंग अशी जागा बघून बसत नाही.

सुंगीरच्या मण्यांची एवढी चर्चा का होते?

कारण तिथे कष्टांचा हिशेब मांडता येतो. रशियात व्लादिमिर शहराजवळ सुंगीर हे ठिकाण आहे. सुमारे ३४,००० वर्षांपूर्वी तिथे एका प्रौढ पुरुषाला पुरलं, अंगावर मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्याचे जवळपास तीन हजार मणी. जवळच दोन मुलगे, साधारण दहा आणि बारा वर्षांचे, एकाच लांबट खड्ड्यात डोक्याला डोकं लावून. त्या दोघांवर मिळून दहा हजारांहून जास्त मणी! शिवाय एकाच्या कमरेशी ध्रुवीय कोल्ह्याचे अडीचशेच्या वर सुळे. कोल्ह्याला सुळे चारच असतात, म्हणजे निदान साठ-पासष्ट कोल्हे.

तसा मणी करून बघणाऱ्यांच्या अंदाजाने एकाला तासाभराच्या आसपास वेळ लागतो. दहा हजार मणी म्हणजे दहा हजार तास. एका माणसाने रोज आठ तास फक्त तेच केलं तरी तीन वर्षं पुरत नाहीत. आणि हे कडाक्याच्या थंडीत, शिकारीवर जगणाऱ्या माणसांनी. याखेरीज मॅमथचा वाकडा सुळा सरळ करून बनवलेले भाले होते, त्यातला सर्वात लांब जवळजवळ अडीच मीटर. सुळा सरळ कसा केला, यावर अजून डोकी खाजवली जातात.

आता अर्थाकडे. दहा-बारा वर्षांच्या पोराने पराक्रम गाजवून एवढा मान कमावला असेल, हे पटत नाही. म्हणून काहींनी 'जन्माने मिळालेली प्रतिष्ठा' असा निष्कर्ष काढला: म्हणजे सरदार-घराणी. माझा त्यावर विश्वास बसत नाही. एकाच्या मांडीची हाडं आखूड आणि वाकलेली होती. दोघं एकाच वेळी गेलेले दिसतात. जवळचे भाऊ मात्र नव्हते. हे २०१७ साली डीएनएवरून कळलं. त्यांच्याजवळ तिसऱ्याच एका माणसाचं गेरूने भरलेलं मांडीचं हाड ठेवलेलं होतं. मला हे सगळं घराण्याच्या थाटापेक्षा काहीतरी विपरीत घडल्यानंतरच्या विधीसारखं वाटतं. त्या टोळीतल्या इतरांचा काही सांगाडा एवढ्या दागिन्यांनी मढवलेला नाही.

तान्ह्या बाळाच्या अंगावर दागिने कशाला? त्याने तर ते कधी वापरलेही नसतील.

याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळतं. माळेतला मणी वर्षानुवर्षं घासला की भोकाच्या कडा गुळगुळीत होतात, एका बाजूला झिजतात. इटलीतल्या आर्मा व्हेइराना गुहेत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पुरलेली एक मुलगी मिळाली, जेमतेम चाळीस-पन्नास दिवसांची. सोबत साठहून जास्त शिंपल्यांचे मणी, चार लोलक आणि घुबडाची नखी. मणी झिजलेले होते. बाळाने ते झिजवणं शक्यच नाही. कुणीतरी मोठ्यांनी ते आपल्या अंगावर बराच काळ वागवले आणि मग तिला दिले.

याउलट फ्रान्समधल्या ला मादलेन इथलं मूल. वय दोन ते चार, काळ जवळपास तोच, हजाराहून जास्त शिंपल्यांचे मणी. पण ते मोठ्यांच्या मण्यांपेक्षा लहान निवडलेले, मुलाच्या अंगाला शोभतील असे, कपड्यांवर शिवलेले. म्हणजे एका ठिकाणी मोठ्यांनी आपलं दिलं, दुसऱ्या ठिकाणी मुलासाठी म्हणून वेगळं केलं. दोन्हीकडे दागिना 'बाळाला'च आहे, पण त्यामागची कृती एक नाही.

ऑस्ट्रियातल्या क्रेम्स इथली जुळी अर्भकं ३१,००० वर्षांपूर्वीची. त्यांच्यावर मॅमथच्या खांद्याचं हाड झाकणासारखं ठेवलं होतं, आणि एकाजवळ सुळ्याचे ५३ मणी. एकसारख्या जुळ्यांचं हे सर्वात जुनं ज्ञात उदाहरण. झाकणाचा एक फायदा झाला: माती वरून न पडल्याने इवलीशी हाडं चेपली नाहीत.

दागिने फक्त दिसण्यासाठी असायचे का?

वाजण्यासाठीही. रशियात ओनेगा सरोवरातल्या एका बेटावर सुमारे ८,२०० वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे. तिथे एल्क या मोठ्या हरणाचे ४,३०० हून अधिक दात सापडले, कंबर आणि छातीच्या आसपास ओळीने. त्यावरच्या खाचाखोचा कशाने झाल्या हे तपासायला एका फिनिश कलाकाराने तसे दात कपड्यांना बांधून सलग सहा तास नाच केला. दात एकमेकांवर आपटून जशा खुणा झाल्या, तशाच जुन्या दातांवर होत्या. म्हणजे थडग्यातला तो 'अलंकार' नाचताना वाजणारा साज होता.

ज्याच्या कबरीत जास्त, तो श्रीमंत. एवढं तरी सरळ आहे का?

कधी कधी आहे. बल्गेरियात वार्ना इथे १९७२ साली खोदकामाचं यंत्र चालवणाऱ्या तरुणाला इ.स.पू. ४५०० च्या सुमाराची दफनभूमी सापडली. सुमारे तीनशे कबरी, सोनं एकंदर सहा किलोच्या आसपास, आणि ते मोजक्या कबरींत. ४३ क्रमांकाच्या कबरीतल्या एका पुरुषाजवळच दीड किलोच्या वर. एवढ्या विषमतेला 'श्रीमंत-गरीब' म्हणायला हरकत नसावी.

पण वार्नातच काही कबरींत माणूस नाही. नुसता मातीचा चेहरा, त्यावर डोळ्यांच्या, तोंडाच्या जागी सोन्याचे अलंकार. दूर कुठे मेलेल्याची कबर? हरवलेल्याची? की कुठल्या देवतेची? श्रीमंतीचा नियम इथे चालत नाही, कारण मालकच नाही.

दुसरं टोक हडप्पाचं. अकीक, सोनं, लाजवर्द यांचे इतके सुरेख दागिने करणाऱ्या लोकांच्या कबरींत दागिने अगदी थोडे. भांडी बरीच, काही स्त्रियांच्या डाव्या हातात शंखाच्या बांगड्या, क्वचित एखादा मणी. संपत्ती नव्हती असं थोडंच आहे? ती पुरली जात नव्हती. मागे राहिलेल्यांकडे जात असावी. थडगं रिकामं दिसलं म्हणून माणूस रिकामा ठरवू नये.

बाजूला माळा-बांगड्या असतील तर स्त्री आणि हत्यार असेल तर पुरुष, बरोबर?

या एका समजुतीने जितके सांगाडे चुकवले, तितके दुसऱ्या कशाने चुकवले नसतील. वेल्समधल्या पॅव्हिलँड गुहेत १८२३ साली भूशास्त्रज्ञ विल्यम बकलँड यांना गेरूने लाल झालेला सांगाडा, शिंपले आणि सुळ्याचे दागिने मिळाले. त्यांनी ती रोमन काळातली बाई ठरवली. ती निघाली ३३,००० वर्षांपूर्वीची आणि पुरुष. नाव मात्र 'रेड लेडी' ते आजही तसंच. सुंगीरच्या दोन मुलांपैकी एकाला बराच काळ मुलगी समजत होते.

उलट दिशेनेही तेच. पेरूमधल्या विलामाया पात्ख्शा इथे ९,००० वर्षांपूर्वी पुरलेल्या, शिकारीची सगळी हत्यारं जवळ असलेल्या व्यक्तीची तपासणी २०२० मध्ये झाली, तर ती १७ ते १९ वर्षांची मुलगी. स्पेनमध्ये सेव्हिलजवळच्या व्हालेन्सिना इथे हस्तिदंत आणि स्फटिकाच्या खंजिरासह पुरलेला मोठा 'सरदार' होता. २०२३ साली दाताच्या एनॅमलमधल्या, म्हणजे वरच्या कठीण थरातल्या, प्रथिनांवरून कळलं की ती स्त्री आहे. आता आधी हाड आणि दात तपासायचे, मग दागिने बघायचे. पूर्वी क्रम उलटा होता.

इनामगावला मेलेल्यांचे पाय का तोडत?

घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ ते १९८२ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानची शेतकरी वस्ती. मुलांना दोन मातीच्या कुंभांत, कुंभांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांना खड्ड्यात उताणं निजवत आणि बऱ्याचदा पावलं घोट्यापासून तोडलेली असत. मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून, असं स्पष्टीकरण दिलं जातं. पटण्यासारखं आहे, पण ते आपलं आहे, त्यांनी सांगितलेलं नाही.

लक्षात राहतो तो अपवाद. एका पाच खोल्यांच्या घरात चार पायांचा मोठा मातीचा रांजण सापडला. आत साधारण चाळिशीचा पुरुष मांडी घालून बसवलेला, आणि त्याची पावलं शाबूत. दागिन्यांचा डोंगर नाही. मोठेपण दाखवायला इथे सोनं लागलं नाही. पावलं राहू दिली, तेवढ्यात कळलं. उत्खननकारांनी त्याला वस्तीचा प्रमुख मानलं, आणि इथे मला त्यांचं म्हणणं सुंगीरच्या सरदार-घराण्यांपेक्षा जास्त भक्कम वाटतं: घर वेगळं, पात्र वेगळं, वागणूक वेगळी.

प्राण्यांनाही दागिन्यांसह पुरत?

हो. स्वीडनमधल्या स्केटहोम इथे साधारण ७,००० वर्षांपूर्वी एका कुत्र्याला पाठीशी हरणाचं शिंग, कमरेशी तीन दगडी पाती आणि नक्षी केलेला शिंगाचा हातोडा ठेवून पुरलं होतं. तिथल्या कितीतरी माणसांना एवढं मिळालं नव्हतं. नागपूरजवळ माहूरझरीच्या शिलावर्तुळांत घोड्याचे अवशेष, त्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज आणि लोखंडी कड्या मिळाल्या. पण ते लोहयुग आहे, आणि घोडा तिथे मालकासाठी मारलेला. स्केटहोमच्या कुत्र्याला मालकाची गरज पडली नाही.

शनिदरच्या निअँडरथल माणसावर फुलं वाहिली होती ना?

इराकमधल्या शनिदर गुहेत १९६० साली मिळालेल्या सांगाड्याजवळच्या मातीत फुलांचे परागकण ढिगाने सापडले, आणि फुलांच्या शेजेवर निजवलेल्या माणसाचं चित्र जगभर पोचलं. नंतर लक्षात आलं की तिथे बिळं करणारे जर्ड हे उंदीर फुलं ओढून नेतात, आणि जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्याही पराग साठवतात. चित्र सुंदर होतं. मीही ते बरीच वर्षं सांगत असे.

एखादी साधी वस्तू मौल्यवान का मानली गेली, हे कळतं का?

कधी वस्तूच सांगते. इजिप्तमधल्या गेर्झेह इथे १९११ साली इ.स.पू. ३२०० च्या सुमाराच्या दोन थडग्यांत नऊ लोखंडी मणी मिळाले. तेव्हा लोखंड गाळायची विद्याच नव्हती. २०१३ च्या तपासण्यांनी पक्कं झालं की ते उल्केचं लोखंड आहे, ठोकून पत्रा करून नळीसारखं गुंडाळलेलं. ते आकाशातून पडलंय हे त्यांना ठाऊक होतं की काय, कुणास ठाऊक. पण माळेत ते सोन्यासोबत ओवलं होतं.

जे कुजून गेलं त्याचं काय?

बहुतेक सगळं तेच होतं: कातडं, दोर, पिसं, लाकूड, टोपल्या, अन्न. सुंगीरचे कपडे उरले नाहीत, पण मण्यांच्या रांगा जशाच्या तशा राहिल्याने शिवण कुठून गेली असेल हे ओळखता आलं. बलुचिस्तानातल्या मेहरगढला एका दफनातल्या तांब्याच्या मण्यात ओवलेला धागा गंजामुळे टिकला: इ.स.पू. सहाव्या सहस्रकातला सुती धागा, माणसाने कापूस वापरल्याच्या सर्वात जुन्या पुराव्यांपैकी एक. मणी धुऊन स्वच्छ केला असता तर धागाही गेला असता. म्हणूनच जागेवरून उचललेला मणी अभ्यासकाला जवळपास मुका असतो. कुठल्या बाजूला होता, वर होता की खाली, एकटा होता की रांगेत, हे गेलं की उरतो फक्त देखणा दगड.

हे सगळं उकरणं बरं का? परत पुरू नये?

मापं घ्या, नमुने घ्या, नोंदी करा, आणि ज्यांचे ते पूर्वज आहेत त्यांना विचारा, असं माझं मत. ऑस्ट्रेलियात मुंगो सरोवराच्या काठी १९७४ साली सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा, गेरूने माखलेला माणूस सापडला आणि संशोधनासाठी नेला गेला. तो गेरू तिथला नव्हता, लांबून आणलेला होता. तिथल्या आदिवासी समाजांनी अनेक वर्षं मागणी लावून धरली, आणि २०१७ मध्ये त्याचे अवशेष त्याच्या भूमीत परत आले. त्यासाठी खास पेटी केली होती, ८,००० वर्षं जुन्या रेड गम लाकडाची.